बारा अंकी संख्या हाताने कशी तपासावी: १,९८,५८,५५,७६,१८९ चा सोडवलेला नमुना

मोठी पूर्ण संख्या समोर आली की तिच्याबद्दलचे प्रश्न ठरलेलेच असतात. मूळ की संयुक्त? विभाजक किती आणि त्यांची बेरीज किती? पूर्ण वर्ग आहे का? परिपूर्ण, विपुल की न्यून, म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येइतकीच, जास्त की कमी? दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते का? या साऱ्यांची उत्तरं एकाच कामातून निघतात, ते म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडणं. ते काम शेवटच्या पायरीवर अर्धवट सोडलं तर पुढचा गुणाकार-बेरजेचा हिशोब कितीही चोख करा, उत्तर चुकतं आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

हे दाखवायला १९८५८५५७६१८९ इतकी चांगली संख्या शोधून सापडणार नाही. रेने देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३८ साली मर्सेन या गणितज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात तिचा विषय काढला होता. तिचा एक अवयव मूळ असता, तर ही विषम परिपूर्ण संख्या ठरली असती. आजतागायत कुणालाही विषम परिपूर्ण संख्या सापडलेली नाही. तो अवयव मूळ नाही हे देकार्तला माहीत होतं. हाताने गणित करणाऱ्याची मात्र नेमकी तिथेच फसगत होते.

लागणारं सामान: कागद, पेन आणि दुकानात वापरतात तसला १२ अंकी कॅल्क्युलेटर. ८ किंवा १० अंकी यंत्रावर ही संख्या मावत नाही. एक्सेलमध्ये टाकलीत तर साध्या स्वरूपातला रकाना ती १.९८५८६ई+११ अशी दाखवतो. आतली किंमत बरोबर असते, पण रकान्याचं स्वरूप 'संख्या' असं बदलल्याशिवाय अंक दिसत नाहीत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ३२ बिटी पूर्णांक वापरू नये. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ वर संपते आणि पुढे तो चूक न सांगता भलतीच संख्या देतो.

आधी लिहून घ्या, दोन प्रकारे

वाचायला आपली पद्धत: १,९८,५८,५५,७६,१८९, म्हणजे १९,८५८ कोटी ५५ लाख ७६ हजार १८९. अब्जाच्या वर जाताना जपून. जुन्या परंपरेत खर्व म्हणजे १० अब्ज, हिंदी व्यवहारातला खरब म्हणजे १०० अब्ज. त्यामुळे कोटीतच बोललेलं बरं.

तपासायला मात्र तीन-तीन अंकांचे गट पाडा: १९८ | ५८५ | ५७६ | १८९. पुढचं निम्मं काम याच गटांवर होतं. गट नेहमी उजवीकडून पाडायचे. डावीकडून पाडले तर १२ अंकांत योगायोगाने जमून जातं, ११ किंवा १३ अंकांत सगळंच कोलमडतं.

छोट्या कसोट्या

शेवटचा अंक ९, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ७२, म्हणजे ९ ने निःशेष भाग जातो. इथे बरेच जण पुढची उडी मारतात: "७२ ला २७ ने भाग जात नाही, म्हणजे संख्येलाही जात नाही." हा निष्कर्ष चूक आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. २७ साठी तीन अंकी गटांची बेरीज घ्यावी लागते, कारण ९९९ = २७ × ३७. ती करून पाहू: १९८ + ५८५ + ५७६ + १८९ = १५४८. पुन्हा गट पाडून १ + ५४८ = ५४९. ५४९ ला २७ ने भागलं तर बाकी ९, ३७ ने भागलं तर बाकी ३१. एका बेरजेत दोन गोष्टी कळल्या: ३ चा घात नेमका २ आहे आणि ३७ हा अवयव नाही.

आता खरी कामाची कसोटी. १००१ = ७ × ११ × १३. म्हणून गटांना उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे चिन्हं द्या:

१८९ − ५७६ + ५८५ − १९८ = ०

उत्तर शून्य आलं, म्हणजे १००१ ने पूर्ण भाग जातो आणि ७, ११, १३ हे तिन्ही एका फटक्यात सापडतात. उत्तर शून्य न येता ७७ आलं असतं तर ७ आणि ११ मिळाले असते, १३ नाही. आलेल्या उत्तराला ७, ११, १३ यांपैकी ज्याने भाग जातो, त्याने आपल्या संख्येलाही जातो.

१००१ ने भागायला लांबलचक भागाकार मांडायची गरज नाही. भागाकाराची एक हजार पट आणि तोच भागाकार एकदा, या दोहोंची बेरीज म्हणजे आपली संख्या. म्हणून भागाकाराचा उजवा गट थेट १८९. त्याच्या डावीकडचा गट ५७६ − १८९ = ३८७. त्याच्याही डावीकडचा ५८५ − ३८७ = १९८. शेवटी १९८ − १९८ = ०, म्हणजे ताळा जुळला. भागाकार १९,८३,८७,१८९. एखादी वजाबाकी ऋण आली तर १००० उसने घ्यायचे आणि डावीकडच्या गटातून १ कमी करायचा. तो १ कमी करायला विसरणं ही या रीतीतली नेहमीची चूक, पण शेवटचं शून्य न आल्याने ती लगेच पकडली जाते.

मिळालेल्या भागाकारावर कसोटी पुन्हा लावायची. एकदा सापडलेला अवयव पुन्हा असू शकतो. १८९ − ३८७ + १९८ = ०. पुन्हा शून्य! गट १८९, मग ३८७ − १८९ = १९८, मग १९८ − १९८ = ०. भागाकार १,९८,१८९. तिसऱ्यांदा: १८९ − १९८ = −९. ९ ला ७, ११, १३ यांपैकी कुणीच भागत नाही, त्यामुळे हे तिघेही संपले. ९ काढून घ्या: १९८१८९ ÷ ९ = २२०२१.

इथवर: ३² × ७² × ११² × १३² × २२०२१.

२२०२१ पाशी थांबू नका

ही संख्या मूळ वाटते. विषम आहे, ५ ने संपत नाही, अंकांची बेरीज ७, छोटे अवयव तर आधीच धुऊन निघालेत. पण 'वाटते' याला गणितात किंमत नाही. मूळ ठरवायचं तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. १४८ चा वर्ग २१,९०४ आणि १४९ चा २२,२०१, म्हणजे १३९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. त्या एकूण ३४. त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३ आधीच बाद आहेत, उरल्या २८.

१७ ने भागा: १७ × १२९५ = २२०१५, बाकी ६. नाही.
१९ ने भागा: १९ × ११५९ = २२०२१. बाकी शून्य.

दुसऱ्याच प्रयत्नात सापडला. आता १७ पर्यंत मागे जायची गरज नाही, पण १९ पुन्हा लावून पाहायची आहे: ११५९ = १९ × ६१. आणि ६१ मूळ आहे, कारण ८ च्या आतल्या २, ३, ५, ७ पैकी कुणीच त्याला भागत नाही. म्हणजे २२०२१ = १९² × ६१.

दोन वर्गांच्या फरकाची फर्माची रीत इथे लांबची पडते. २२०२१ = २११² − १५०² हे खरंच, पण १४९ पासून एकेक चढत २११ पर्यंत जावं लागतं. जवळजवळच्या दोन अवयवांसाठी ती उत्तम. ६१ आणि ३६१ एवढ्या दूरच्या जोडीसाठी साधा भागाकारच बरा.

पूर्ण अवयव:

१,९८,५८,५५,७६,१८९ = ३² × ७² × ११² × १३² × १९² × ६१

सुरुवातीपासून आंधळेपणाने भागत गेलो असतो तर संख्येच्या वर्गमुळाची, म्हणजे ४,४५,६२९ ची मर्यादा डोक्यावर असती. प्रत्येक अवयव सापडताच तो काढून उरलेल्या संख्येचं वर्गमूळ नव्याने घ्यायचं, म्हणजे ती मर्यादा अशी झपाट्याने खाली येते.

विभाजकांची संख्या आणि बेरीज

संख्या काढणं सोपं. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: ३ × ३ × ३ × ३ × ३ × २ = ४८६ विभाजक.

बेरजेला प्रत्येक मूळ अवयवाचा वेगळा कंस. वर्ग असेल तर १ + अवयव + त्याचा वर्ग, एकदाच असेल तर १ + अवयव:

३² : १३
७² : ५७
११² : १३३
१३² : १८३
१९² : ३८१
६१ : ६२

पहिल्या चारांचा गुणाकार १,८०,३५,१९९. शेवटच्या दोघांचा २३,६२२. दोन्ही गुणून ४,२६,०२,७४,७०,७७८. हीच सर्व विभाजकांची बेरीज.

ताळा पाहायला ९ ची रीत इथे अपुरी आहे. १,८०,३५,१९९ लाच ९ ने भाग जातो, त्यामुळे खरं उत्तर असो वा ९ च्या पटीने चुकलेलं, दोन्हीकडे शून्यच येतं. शिवाय दोन अंकांची अदलाबदल तिला कधीच कळत नाही. ११ चा ताळा घ्या, म्हणजे उजवीकडून अंकांची आळीपाळीने अधिक-उणे बेरीज. १८०३५१९९ ची ६ येते, २३६२२ ची ५. गुणाकार ३०, ११ ने भागून बाकी ८. आणि ४२६०२७४७०७७८ चीसुद्धा ८. जुळलं.

देकार्तचा सापळा नेमका कुठे आहे

परिपूर्ण संख्येत सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या दुप्पट भरते: ६ चे विभाजक १, २, ३, ६ आणि बेरीज १२. आपल्या संख्येची दुप्पट ३,९७,१७,११,५२,३७८.

आता २२०२१ ला मूळ समजून चला. त्याचा कंस २२०२२ झाला. १,८०,३५,१९९ × २२०२२ करून पाहा: ३,९७,१७,११,५२,३७८. एका अंकाचाही फरक नाही. मूळपणाची तपासणी टाळणाऱ्याच्या हाती इथे 'विषम परिपूर्ण संख्या' लागते, आणि गुणाकाराचा ताळाही बरोबर येतो.

हा योगायोग नाही. पहिल्या चार वर्गांचा गुणाकार ९०,१८,००९, त्याच्या विभाजकांची बेरीज १,८०,३५,१९९, दुप्पट १,८०,३६,०१८. दुपटीला फक्त ८१९ कमी पडतात. अशा संख्येला आणखी एका मूळ अवयवाने गुणून परिपूर्ण करायचं असेल तर तो अवयव बेरीज भागिले तूट एवढाच असावा लागतो: १,८०,३५,१९९ ÷ ८१९ = २२०२१. भागाकार पूर्ण आला, अवयव मात्र मूळ निघाला नाही. वरच्या कंसांतच कारण दिसतं: ५७ = ३ × १९, १३३ = ७ × १९, १८३ = ३ × ६१. ते १९, १९ आणि ६१ एकत्र येऊन २२०२१ झालेत.

मूळ समजण्यात काय हरवलं तेही मोजता येतं. २२०२१ चे खरे विभाजक १, १९, ६१, ३६१, ११५९, २२०२१. मधले चार गाळले गेले, त्यांची बेरीज १६००. आणि १६०० × १,८०,३५,१९९ = २८,८५,६३,१८,४००. खरी बेरीज दुपटीपेक्षा नेमकी एवढीच जास्त आहे.

म्हणून वर्गीकरण असं: संख्या विपुल आहे. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज २,२७,४४,१८,९४,५८९, म्हणजे संख्येपेक्षा मोठी. विषम विपुल संख्या त्या मानाने विरळा. सर्वांत लहान ९४५.

नुसतं विपुल आहे का एवढंच हवं असेल तर एवढा गुणाकारही नको. विपुल संख्येची प्रत्येक पट विपुलच असते. आपल्या अवयवांतून ३² × ७ × ११ × १३ × १९ = १,७१,१७१ एवढीच वेगळी काढा. तिच्या विभाजकांची बेरीज १३ × ८ × १२ × १४ × २० = ३,४९,४४० आणि दुप्पट ३,४२,३४२. ती विपुल, म्हणून आपली संख्याही विपुल. तोंडी होण्यासारखं काम आहे.

विषम परिपूर्ण संख्या असलीच तर ती १० च्या १५०० व्या घातापेक्षा मोठी असली पाहिजे, हे ओशेम आणि राव या गणितज्ञांनी २०१२ साली दाखवलं. तेव्हा १२ अंकी संख्या तपासताना बेरीज दुपटीला जुळलीच, तर आनंद करण्याआधी अवयव पुन्हा पाहावेत.

बाकीचे वर्ग

पूर्ण वर्ग: नाही. ६१ चा घात विषम आहे. अवयव न पाडताही हे कळतं: विषम वर्गाला ८ ने भागल्यास बाकी १ च राहते, आणि इथे शेवटच्या १८९ ला ८ ने भागल्यावर ५ राहतात. नुसते शेवटचे दोन अंक ८९ पाहणारा मात्र फसतो, कारण १७ चा वर्ग २८९ आहे.

वर्गमुक्त नाही, घनमुक्त आहे. काही मूळ अवयव दोनदा येतात, पण तीनदा कुठलाही येत नाही. संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६ × ४२ × ११० × १५६ × ३४२ × ६० = ८८,७३,५०,४६,४००.

दोन वर्गांची बेरीज: हो, आणि हा भाग मजेचा आहे. नियम असा की ४ ने भागून ३ उरणारे मूळ अवयव (इथे ३, ७, ११, १९) सम घातांकाने यायला हवेत. सगळे दोनदा आलेत. आता संख्या ६१ × ५७०५७² अशी लिहा. ६१ = ५² + ६², म्हणून

१९८५८५५७६१८९ = २८५२८५² + ३४२३४२²

१३ चा वर्गही ५² + १२² असा फुटतो, म्हणून आणखी दोन जोड्या निघतात: २०६२८३ व ३९५०१०, आणि १३१६७० व ४२५७३३. क्रम आणि चिन्हं सोडली तर एवढ्या तीनच.

अंकांवरून पडणारे वर्ग वेगळ्या जातीचे. ते दशमान लेखनावर अवलंबून असतात, अवयवांशी त्यांचं थेट नातं नसतं. देवळालीचे गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी नाव दिलेली हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी, हे त्यातलं आपल्याकडचं ठळक उदाहरण. इथे बेरीज ७२ सम आणि संख्या विषम, त्यामुळे ही हर्षद नाही. विषम संख्येची अंकबेरीज सम आली की भागाकार करायचीच गरज उरत नाही.

सरावाला

२२,०१,७९,७५,९०३ घ्या. जॉन व्होइट यांनी १९९९ मध्ये याच जातीचा दुसरा सापळा शोधला, तो यातून निघतो. ११ अंक आहेत, म्हणून गट २२ | ०१७ | ९७५ | ९०३ असे पडतात. आळीपाळीची बेरीज ९०३ − ९७५ + १७ − २२ = −७७, म्हणजे ७ आणि ११ मिळाले, १३ नाही. ७७ ने भागा: २८,५९,४७,७३९. पुन्हा कसोटी लावा: ७३९ − ९४७ + २८५ = ७७, परत तेच दोघे. भागाकार ३७,१३,६०७. तिसऱ्यांदा −१०३ येतं, तेव्हा दोघेही संपले. अंकांची बेरीज २७, ९ ने भागून ४,१२,६२३. त्याची बेरीज १८, पुन्हा ९ ने भागून ४५,८४७. त्याची बेरीज २८, म्हणजे ३ ही संपला. इथे पुन्हा तीच परीक्षा: १७ ने बाकी १५, १९ ने २४१३, आणि २४१३ = १९ × १२७. उत्तर ३⁴ × ७² × ११² × १९² × १२७.

इथे ३ चा घात ४ आहे, म्हणून त्याचा कंस १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१ घ्या, १३ नव्हे. व्होइट यांनी १२७ ऐवजी −१२७ घेतलं, म्हणजे शेवटचा कंस १ − १२७ = −१२६ झाला, आणि बेरीज बरोबर दुप्पट भरली. खऱ्या १२७ ने कंस १२८ होतो, बेरीज ४४,७३,४९,३५,१६८ येते आणि संख्या विपुल ठरते. तुमची बेरीज दुपटीपेक्षा ६९,८९,८३,३६२ ने जास्त आली, तर हिशोब जुळला.